फुकट असूनही का परवडत नाही?

म्युनिक पालिकेने 2003 मध्ये विंडोज सोडून लिनक्स या फुकट प्रणालीकडे वळायचे ठरवले आणि सुमारे 15,000 संगणक बदललेही. तरी 2017 मध्ये परतीचा ठराव झाला. त्यात राजकारण होते, पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही खऱ्या होत्या. बाहेरून आलेल्या वर्डच्या फाइलमधला तक्ता दुसऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये सरकतो, एक्सेलचे मॅक्रो चालत नाहीत आणि दुरुस्तीत वेळ जातो. या तक्रारी म्हणजे निव्वळ आळस आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. समोरचा जे वापरतो, तेच आपल्याला वापरावे लागते. मग बदल अशक्यच का? मुळीच नाही. फ्रान्सच्या जांदार्मेरी पोलीस दलाने 2005 पासून आधी ओपनऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअर रुजवले, उबुंटू हे लिनक्सचे रूप नंतर टप्प्याटप्प्याने आणले. त्यांच्या हजारो संगणकांवर उबुंटू आजही चालते.