नाकात जाणारे पाणी आणि नदीवरचा रविवार

प्यायचे पाणी गाळून, उकळून घ्यावे ही गोष्ट आता आपल्या घरोघरी पाठ झाली आहे. २०२५ च्या जानेवारीत पुणे परिसरात गुलियन बारेची साथ आली, तेव्हा तर पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यावस्त्यांत पाण्याची पातेली गॅसवर चढली होती. पण नाकात ओढायच्या पाण्याचे काय? ते कोणी उकळत नाही. ड्रममधून तांब्याभर घ्यायचे, ओंजळीने नाकात ओढायचे आणि शिंकरून टाकायचे, हीच आपली रीत.

ही रीत उगाच पडलेली नाही. भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे या पट्ट्यात फेटलिंगला, ग्राइंडिंगला, पेंट शॉपला काम करणाऱ्या माणसाला विचारा. पाळी संपवून घरी आल्यावर नाक शिंकरले की काळे येते. चोंदलेल्या नाकाने झोप लागत नाही, सकाळी डोके जड. नाक धुतले की बरे वाटते. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा सल्ला आता कान-नाक-घशाचे डॉक्टरही देतात. हठयोगात याला जलनेती म्हणतात. आपल्या जवळच लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था काढली आणि योगातल्या क्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. तेव्हा नाक धुणे सोडा, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. पाणी कोणते घ्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

पोटात गेलेले पाणी आणि नाकात वर चढलेले पाणी यांत मोठा फरक आहे. पोटात आम्ल असते, ते पुष्कळ जंतू मारते. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला मात्र एक पातळ, भोके असलेले हाड आहे. त्या भोकांतून वासाच्या नसा थेट मेंदूकडे जातात. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अतिसूक्ष्म जीव आहे, अमिबाच्या जातीचा. तो कोमट गोड्या पाण्यात आणि गाळात राहतो. त्याने होणाऱ्या आजाराची नोंद १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी केली. हे पाणी प्यायले तर तो काही करत नाही. एकाचा दुसऱ्याला हा आजार लागतही नाही. पण पाण्याबरोबर तो नाकात वर चढला, तर वासाच्या नसांवरून मेंदूत पोहोचतो, आणि मग शंभरातले दोन-तीनच रुग्ण वाचतात, असा जगभरचा अनुभव आहे.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन माणसे अशीच दगावली. ती कुठे पोहायला गेली नव्हती. घरच्या नळाचे पाणी नेतीच्या भांड्यात घेऊन त्यांनी नाक धुतले होते. कराचीतही असे मृत्यू झाले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांनी तलाव-नदी पाहिलेलीसुद्धा नव्हती. आपल्या देशात केरळने हा आजार जवळून पाहिला. मे २०२४ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातली पाच वर्षांची मुलगी नदीत अंघोळ केल्यावर आजारी पडली आणि गेली. त्याच जुलैमध्ये कोळिकोड जिल्ह्यातला चौदा वर्षांचा मुलगा मात्र वाचला. तो तळ्यात पोहला होता, ही गोष्ट घरच्यांनी डॉक्टरांना वेळीच सांगितली, म्हणून लवकर निदान झाले. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पोहल्यानंतर किंवा नाक धुतल्यानंतर साधारण बारा दिवसांच्या आत जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे असे काही झाले, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पाण्याची हकीकत आपणच सांगावी.

हा आजार फार दुर्मिळ आहे. त्याला घाबरून रात्रीची झोप घालवू नये. पण ज्यावर उपाय फक्त पातेलेभर पाणी उकळण्याचा आहे, तेवढी काळजी का घेऊ नये?

काहीजण म्हणतील, आमच्याकडे महापालिकेचे शुद्ध पाणी येते. खरे आहे. पवना धरणातून सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात, निगडीच्या केंद्रात शुद्ध करतात, त्यात क्लोरीन घालतात. क्लोरीनने हा अमिबा मरतो. पण शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाण्याची पद्धत सुरू झाली आणि घराघरांत पाणी साठवणे आले. ते पाणी ड्रममध्ये, पत्र्यावरच्या काळ्या टाकीत पडून राहते. उन्हाने टाकी तापते, क्लोरीन उडून जातो, तळाशी गाळ साचतो. चाकणकडे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना तर बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते. त्यात क्लोरीन पडला की नाही, कोण पाहणार? घरातला फिल्टर पिण्यापुरता ठीक. नाकासाठी त्याच्यावरही विसंबू नये.

करायचे ते सोपे आहे. पाणी खळखळ उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळावे, झाकून कोमट होऊ द्यावे. पाव लिटर पाण्याला सपाट अर्धा लहान चमचा मीठ पुरते. साध्या पाण्याने नाक झोंबते, ते मीठ नसल्यामुळे. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी नाकासाठी वापरू नये. तोटीचे भांडे त्याच उकळलेल्या पाण्याने विसळून उपडे घालावे आणि कोरडे होऊ द्यावे. एकाचे भांडे दुसऱ्याने घेऊ नये. एवढी यातायात नको असेल, तर औषधाच्या दुकानात नाकासाठी मिठाच्या पाण्याची तयार बाटली मिळते.

आणि मायबहिणींनो, बाळाला न्हाऊ घालताना नाकात पाणी सोडण्याची, तेल घालण्याची किंवा फुंकर मारण्याची जुनी सवय असेल, तर ती बंद करा. न्हाऊ घालणारी बाई कितीही अनुभवी असो, तिला स्पष्ट सांगा.

आता पोहण्याकडे वळू. महापालिकेच्या तलावात जायचे असेल तर दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. तळाची फरशी स्वच्छ दिसते का, आणि काठावर जीवरक्षक उभा आहे का. दोन्हींतले एक नसेल तर पाण्यात उतरू नये. क्लोरीन जंतू मारतो, पण तो वायू माणसालाही सोडत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावे लागले. डोळे चुरचुरून खोकला सुटला, तर कपड्यांसाठी थांबू नये, वाऱ्याच्या उलट दिशेला लांब जावे. मुलींना पोहणे शिकवावे, हे आवर्जून सांगायला हवे. पोशाखाच्या संकोचापायी कितीतरी मुली काठावरच राहतात. महिलांसाठी वेगळी वेळ आहे का, याची आईनेच जाऊन चौकशी करावी.

पण आपल्या पट्ट्यात माणसे अमिबाने नाही, बुडून मरतात. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. आपल्याकडे सहा दिवस मशीनवर उभे राहणाऱ्या पोरांना रविवारी जायला फुकटची जागा एकच, नदी. त्यांना उनाड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कारखान्यांसाठी एवढी जमीन निघाली, कामगारांच्या पोरांना पोहायला शिकता येईल अशा जागा किती निघाल्या, हेही कधी विचारावे.

तळेगावजवळच्या कुंडमळ्याला इंद्रायणी खडकातून वाहते. वरून पाणी उथळ दिसते, पण खडकात पाण्याने कोरलेले खोल कुंड आहेत. शेवाळावरून पाय सरकला की माणूस थेट कुंडात. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथल्या भोवऱ्यातून वर येत नाही. १५ जून २०२५ च्या रविवारी तिथलाच लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. तोही रविवारच. डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी पाहता पाहता वाढते. धरणातून पाणी सोडले तरी तेच. पाणी गढूळ होऊ लागले, काड्या-पाने वाहत येऊ लागली, की त्याच क्षणी बाहेर निघावे. मोबाइल, चपला राहिल्या तरी राहू द्याव्यात. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्या मित्राला धरून बाहेर काढावे, भांडण झाले तरी चालेल. आणि आळंदीकडे इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना सगळ्यांनी पाहिला आहे. तसल्या पाण्यात डुबकी मारणे म्हणजे सांडपाणी नाकातोंडात घेणे.

बुडणाऱ्याच्या मागे उडी मारू नये. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी माणसे जातात. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो. काठावर आडवे पडून काठी, साडी, ओढणी, दोर पुढे करावा. रिकामा पाच लिटरचा तेलाचा डबा झाकण घट्ट लावून फेकला, तरी माणूस त्याच्या आधाराने तरंगतो. एकाने ओरडून गर्दी जमवावी, दुसऱ्याने ११२ ला किंवा अग्निशमन दलाच्या १०१ ला फोन करावा.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगून गरगर फिरवायचे, पोट दाबून पाणी काढायचे, हा आपल्याकडचा जुना प्रकार. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी उलटून फुप्फुसात शिरते. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला पाठीवर सपाट झोपवावे, हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने तोंडात दोन श्वास फुंकावेत. मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, तीस वेळा जोरात दाबावे. दाब दोन इंच खोल, वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. लहान मुलाला एका हाताने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश दाबावे. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे. एक दमला तर दुसऱ्याने घ्यावे.

शुद्धीवर येऊन तो उठून बसला, बोलू लागला, घरी जातो म्हणाला, तरी सोडू नये. फुप्फुसात गेलेले पाणी पुढच्या काही तासांतही श्वास अडवते. १०८ ची गाडी बोलावून त्याला सरळ पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा जे जवळ असेल त्या रुग्णालयात न्यावे, आणि तो किती वेळ पाण्याखाली होता हे तिथल्या डॉक्टरांना सांगावे.