गार्दोनेचा शिक्का

खोडाळ्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात ठासणीची बंदूक कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दारू भरायची, गोळी ठासायची, निपलवर टोपी चढवायची, चाप ओढायचा. हीच रीत सहा कप्प्यांच्या चक्रीत बसवली, की १८५१ चे कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हर तयार होते. अस्सल नेव्हीचे उत्पादन १८७३ च्या सुमारास थांबले. आज त्या रूपाची जी रिव्हॉल्व्हरे पाहायला मिळतात, त्यांतली बहुतेक इटलीत घडलेल्या प्रतिकृती असतात.

अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये येणार होती. त्याआधीच व्हॅल फॉरजेट या अमेरिकी व्यापाऱ्याने ब्रेशियाजवळच्या गार्दोने परिसरातल्या ग्रेगोरेली आणि उबेर्ती या बंदूक कारागिरांकडून नेव्हीच्या प्रतिकृती करवून घेतल्या. शतकानुशतके बंदुका घडवणाऱ्या या परिसरातून पुढे उबेर्ती आणि पिएत्ता ही नावे जगभर गेली.

जुनेपणा डोळ्यांनी ठरवू नये. आम्ल लावून लोखंड चार दिवसांत शंभर वर्षांचे दिसते. शिक्के पाहावेत. गार्दोनेच्या सरकारी चाचणी केंद्राचा तारा आणि त्याखाली ‘पीएन’ ही अक्षरे असतील, तर काळ्या दारूची चाचणी झालेली आहे. शेजारच्या छोट्या चौकटीत वर्ष असते: आधी रोमन आकडे, १९७५ पासून दोन अक्षरे. १९७५ ला ‘एए’, १९७६ ला ‘एबी’, १९९० ला ‘एझेड’. शिक्का घासून काढलेला दिसला, तर ती वस्तू मी संग्रहात घेणार नाही. तो पुरावा कुणीतरी मुद्दाम पुसलेला असतो.

आणखी एक खूण. कोल्टने नेव्ही फक्त .३६ कॅलिबरमध्ये काढले. समोर .४४ चे ‘१८५१ नेव्ही’ आले, तर ते विसाव्या शतकातले किंवा त्यानंतरचे. कोल्टच्या नेव्हीचा सांगाडा लोखंडी. पितळी सांगाडा इटालियन प्रतिकृतींत सर्रास आढळतो आणि तिथेच परीक्षा अधिक बारकाईने करावी. पितळ मऊ असते. जास्त बार उडवले, की चक्रीचा कणा सैल होतो आणि चक्रीमागच्या पितळावर तिचे ठसे उमटतात. हत्यार रिकामे असल्याची खात्री करून घोडा सावकाश मागे ओढावा: तो पूर्ण मागे येताच चक्री घट्ट अडकली पाहिजे. नळी धरून ठेवणारी पाचर ठोकूनही नळी हलत असेल, तर झीज मोठी आहे.

नळीत आरसा धरून गंज पाहावा. काळ्या दारूची राख ओल ओढते. जव्हार-मोखाड्यासारख्या मुसळधार पावसाच्या मुलखात, गरम पाण्याने धुऊन तेल न लावलेली नळी एका पावसाळ्यात खड्डे पाडून घेते.

भारतात बार उडवू शकणारी प्रतिकृती हे अग्निशस्त्रच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. कायद्यातली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रांना आहे, जुन्या दिसणाऱ्यांना नाही. पण प्रतिकृती म्हणजे दुय्यमच, असे नाही: ‘जीयू’ ही अक्षरे असलेली सुरुवातीची ग्रेगोरेली-उबेर्ती रिव्हॉल्व्हरे आता प्रतिकृती म्हणूनच संग्राहक शोधत असतात.