ई-पुस्तक अडतं कुठे?

संगमनेर, श्रीरामपूरकडच्या एखाद्या लेखकाने पदरमोड करून कादंबरी छापली असेल, तर तिची फाइल डीटीपीवाल्याकडे असतेच. मग तीच ऑनलाइन दुकानात का चढत नाही? बहुतेकदा घोडं अडतं ते फॉन्टपाशी.

श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात मराठी, पण संगणक साठवतो रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट बदलला की पानभर अगम्य खुणा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तोही 1991पासून. रूपांतर करताना खरी परीक्षा असते वेलांटी आणि रफाराची. ‘सूर्य’मधला रफार डोळ्यांना ‘य’च्या डोक्यावर दिसतो, युनिकोडमध्ये मात्र ‘र’ आणि हलन्ताचं चिन्ह हे दोन्ही ‘य’च्या आधी येतात. जुन्या फॉन्टमध्ये रफार ‘य’नंतर टंकलेला असतो. हा क्रम चुकला की शब्द मोडतो, म्हणून पान अन् पान पुन्हा तपासावं लागतं. लेखकाचा जीव इथेच मेटाकुटीला येतो.

फॉन्टचं निभावलं, तरी पुढे दुकानाच्या अटी असतात. किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात डिसेंबर 2016मध्ये मराठी पुस्तकांचं दालन आलं. पण तिथे भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी, तर किंडलच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत पुस्तक नोंदवावं लागतं आणि निदान 90 दिवस ते ई-पुस्तक बुकगंगासारख्या दुसऱ्या दुकानात ठेवता येत नाही. नाहीतर 35 टक्के. मराठी वाचक अनेक दुकानांत विखुरलेला असताना ही अट मला जाचक वाटते.

आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाची धास्ती मात्र नको. किंडल ई-पुस्तकाला तो सक्तीचा नाही, आणि हवाच असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो विनाशुल्क देते.