टॅरो शिकताय? आधी चित्र पाहा

टॅरो शिकायचंय, पण 78 पानांचे अर्थ पाठ कसे होणार? पाठ करूच नका. यातली 22 पानं मोठी. उरलेल्या 56 पानांचे चार रंग, प्रत्येकी 14 पानं. आपल्या पत्त्यांतल्या राजा, राणी, गुलामाच्या जोडीला इथे घोडेस्वार आहे.

सुरुवातीला 1909 चा रायडर-वेट संच घ्या. पामेला कोलमन स्मिथ यांनी त्यात छोट्या पानांवरही प्रसंग रंगवलेत. रोज सकाळी एक पान काढा, काय दिसलं ते दोन ओळींत लिहा, रात्री पुन्हा वाचा. तेराव्या ‘मृत्यू’ला घाबरू नका, त्याचा रूढ अर्थ जुनं संपून नवं सुरू होणं.

एक लक्षात असू द्या. ही पानं पंधराव्या शतकात इटलीत खेळासाठी बनली. त्यांवरून भविष्य सांगण्याची प्रथा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. इथल्या श्वार्त्सवाल्डमध्ये आजही याच कुळातला ‘त्सेगो’ 54 पानांनी खेळतात. म्हणून व्हिसा, नोकरी, आजारपण यांचे निर्णय पानावर सोडू नका; त्यासाठी वकील, डॉक्टर आहेत. पान एवढंच विचारतं: आज मनात काय आहे? घरापासून दूर राहताना तेवढं विचारलं गेलं, तरी पुष्कळ.