‘तुंबाड’ चित्रपटांतील अंधार आणि अभिनय

भयपट पाहून परतलेला मनुष्य बहुधा एवढेंच सांगतो कीं भीति वाटली, किंवा वाटली नाहीं. ती कशानें वाटली, हा विचार मागें राहतो. २०१८ सालीं प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाच्या आधारें आज तो करूं. दिग्दर्शन राही अनिल बर्वे यांचें, छायाचित्रण पंकज कुमार यांचें.

कथा कोंकणांतील तुंबाड गांवीं व पुण्यांत, १९१८, १९३३ आणि १९४७ या तीन काळांत घडते. विनायक नांवाचा मनुष्य पडक्या वाड्याखालच्या विवरांत उतरून, हस्तर नांवाच्या शापित देवाच्या लंगोटांतून सोन्याच्या मोहरा चोरतो.

तुंबाडांत पाऊस थांबत नाहीं. तो खरा मिळावा म्हणून चित्रण अनेक पावसाळे चाललें. ओल्या भिंती, करडें आकाश आणि कंदिलाच्या उजेडाचें लहानसें वर्तुळ, एवढ्यावर दृश्य उभें राहतें. कंदील दाखवील तेवढेंच आपणांस दिसतें. उरलेलें आपलें मन भरून काढतें. विवर मात्र लाल, मांसाच्या भिंतींचें आहे, कारण तें देवीचें उदर आहे. लोभी मनुष्य मातेच्या उदरांतच चोरी करावयास उतरतो, हें येथें रंगच सांगतो.

अभिनयही असाच संयमित आहे. सोहम शाह यांचा विनायक गडगडाटी हास्य करणारा खलपुरुष नाहीं. दोर बांधणें, पिठाचें रिंगण आखणें, कणकेची बाहुली पुढें करणें, हें सारें तो नित्याच्या धंद्याप्रमाणें करतो. म्हणूनच तो ओळखीचा वाटतो. त्याचा मुलगा पांडुरंग झालेल्या मोहम्मद समद या बालनटानेंच, रंगभूषेखालीं, साखळदंडांतील राक्षसी वृद्धाही साकारली आहे. लोभाचीं दोन टोंकें अशीं एकाच देहांत आलीं.

माझें आयुष्य शाळेंत गेलें. त्यामुळें मला राक्षसापेक्षां भयंकर वाटला तो, बाप मुलाकडून विवरांत उतरण्याचा सराव करून घेतो, तो प्रसंग. बाप दक्ष शिक्षक, मुलगा तल्लख विद्यार्थी. धडा तेवढा वाईट. पुढें एकेक मोहर कशाला, सगळा लंगोटच पळवावा, ही युक्ति मुलालाच सुचते! ती ऐकून बापाच्या डोळ्यांत लकाकी येते, आणि त्या क्षणीं पडद्यावरचा अंधार आपल्या घरापर्यंत येऊन पोहोंचतो.