केंद्रकातला घाट

कसाऱ्याला नाशिककडे निघालेल्या जड गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. शहापूर तालुक्यातला हा थळ घाट किंवा शेजारच्या मुरबाडमधला माळशेज चढलेल्या माणसाला युरेनियमचं विखंडन समजायला जड जाऊ नये.

युरेनियमचं केंद्रक दुभंगलं की सुमारे २०० एमईव्ही ऊर्जा सुटते (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट). एवढा फायदा असताना पृथ्वीवरचं युरेनियम केव्हाच फुटून का संपलं नाही? कारण वाटेत घाट आहे. गोलसर केंद्रक लांबट होऊ लागलं की पृष्ठताण त्याला मागे खेचतो आणि प्रोटॉनांचं आपसातलं प्रतिकर्षण पुढे रेटतं. आधी ताण वरचढ ठरतो, म्हणून चढ. पुढे प्रतिकर्षण, म्हणून उतार. केंद्रकाला द्रवाचा थेंब मानून नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी १९३९ मध्ये हे गणित मांडलं. युरेनियमच्या घाटाची उंची भरते ६ एमईव्हीच्या आसपास. संथ न्यूट्रॉन गिळल्यावर युरेनियम-२३५ला साधारण ६.५ एमईव्हीचा रेटा मिळतो आणि ते घाट ओलांडतं. २३८ला मिळतात जेमतेम ४.८, ते खालीच अडतं. तारापूर ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हापासून, म्हणजे १९६९पासून, तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा भार मुख्यतः २३५वरच आहे.

थेंबाचं गणित १९६२ मध्ये अडखळलं. रशियातल्या दुब्ना इथे अमेरिसियमची एक अवस्था सापडली. ती सुमारे १४ मिलिसेकंदांतच फुटत होती, जणू घाटात अर्ध्यावर थांबून पुढे निघालेली. एकाच चढाच्या घाटात असा मधला मुक्काम कुठून येणार? १९६७ मध्ये व्ही. एम. स्ट्रुटिन्स्की यांनी थेंबाच्या ऊर्जेत प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या कवचांची (म्हणजे त्यांच्या ऊर्जापातळ्यांच्या थरांची) दुरुस्ती मिळवली, आणि एका घाटाचे दोन झाले. मधल्या खोलगटात केंद्रक थबकतं, हे उत्तर मिळालं.

पुढचा धागा आपल्या तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचा. व्ही. एस. राममूर्ती, एस. एस. कपूर आणि एस. के. कटारिया यांनी १९७० मध्ये दाखवलं, की केंद्रक तापत जातं तसा कवचांचा प्रभाव विरत जातो. थंड केंद्रकाचा नकाशा तापलेल्याला लावायचा नाही, हे भान त्यातून आलं. या कामाची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, याचं मला नवल वाटतं.

घाटाची उंची म्हणजे सर्वांत खालच्या खिंडीची उंची. ती शोधणं भलतंच किचकट. केंद्रक नुसतं लांबत नाही; त्याची कंबर बारीक होते, एक बाजू फुगते, दुसरी चेपते. पीटर मोलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आकाराची पाच मापं धरून २६ लाखांहून अधिक आकारांची ऊर्जा मोजली. मग खिंड कशी सापडली? या डोंगराळ प्रदेशात संगणकावर पाणी भरत नेलं! पावसाळ्यात भातसा धरणाची पातळी चढते तशी पातळी चढवायची. पाणी पलीकडे पहिल्यांदा जिथून सांडेल ती खिंड. प्रत्येक लांबीला नुसता सर्वांत स्वस्त आकार निवडत जाण्याची जुनी पद्धत कधीकधी शेजारच्या दरीत घुसायची आणि भलतीच उंची सांगायची.

अतिजड मूलद्रव्यांत हा हिशेब जिवावर बेततो. अणुक्रमांक १०४च्या पुढे थेंबाचा घाट जवळजवळ सपाट होतो. ११८व्या ओगानेसॉनपर्यंत जे काही टिकतं ते कवचांच्या जोरावर. तिथे उंचीत एका एमईव्हीची चूक झाली, तर आपोआप होणाऱ्या विखंडनाचा काळ लाखो पटींनी चुकू शकतो. आणि वेगवेगळ्या प्रारूपांचे आकडे आजही एकमेकांपासून तेवढे, कधी त्याहून जास्त, लांब असतात.