विज्ञान मंडळातली मुले कुठे जातात?

जुलै महिन्यात आपल्या बहुतेक शाळांमध्ये विज्ञान मंडळाचे उद्घाटन होते. पाहुणे येतात, नारळ फुटतो, 'विज्ञान शाप की वरदान' यावर भाषण होते आणि पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या मुलांची नावे सभासद म्हणून वहीत चढतात. दिवाळीपर्यंत मंडळ कसेबसे चालते. जानेवारीत शनिवारी शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या खोलीत सात-आठ मुले उरतात, आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आला की वर्गावर्गात फिरून पुन्हा गर्दी गोळा करावी लागते.

शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत असताना हे मी स्वतः केलेले आहे. मुले गळू लागली की मी कार्यक्रम अधिक चटकदार करी. उकडलेले अंडे बाटलीत घालून दाखवले, हळदीचे पाणी चुन्याच्या निवळीने लाल करून दाखवले. टाळ्या पडत. पुढच्या शनिवारी मुले आणखी कमी. मग मी त्याहून मोठा चमत्कार शोधत बसे. थोडक्यात सांगायचे तर मी मंडळ नव्हे, सर्कस चालवत होतो. आणि सर्कस कितीही चांगली असली तरी माणूस ती रोज पाहायला जात नाही.

मुले का गळतात, हा प्रश्न आपण सहसा 'त्यांना आवडच नाही' असे म्हणून संपवतो. विज्ञानशिक्षकाने तरी असे करू नये. आधी हजेरी नीट पाहावी. मी ती पाहिली तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या, आणि आधीच ध्यानात यायला हव्या होत्या म्हणून खजील झालो. जुलैच्या गैरहजेरीचे कारण आवणी, म्हणजे भाताची लावणी. घरात हात कमी असतात, मुले चिखलात उतरतात. दिवाळीनंतरच्या गैरहजेरीचे कारण वीटभट्ट्या. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कितीतरी कातकरी कुटुंबे भात निघाले की भिवंडी-कल्याणच्या बाजूला भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. ज्या मुलीला मी 'नियमित नाही' असा शेरा दिला होता, ती त्या वेळी साठ-सत्तर किलोमीटरवर विटा उलटत होती. तिसरे कारण फारच साधे होते. शनिवारी दुपारची एस.टी. चुकली की लांबच्या पाड्यावरच्या मुलांना चालत जावे लागे.

ही कारणे बाजूला काढली तरी काही मुले उरतातच, जी गावात असतात, शाळेत येतात, पण मंडळात येत नाहीत. त्यांच्याविषयी थोडे शास्त्रीय अंगाने पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाच्या कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. हे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकटा माणूस जितका जोर लावतो तो १०० धरला, तर दोघे मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ९३ आला, तिघांत ८५, आणि आठ जणांत केवळ ४९. रस्सीखेच पाहिलेल्या कोणत्याही शिक्षकाला याचे एक कारण सुचेल : सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. ते खरेच आहे. पण तेवढेच आहे का? १९७४ मध्ये अमेरिकेत इंगम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक गंमत केली. दोर ओढणाऱ्याचे डोळे बांधले आणि मागे आणखी माणसे ओढत आहेत असे त्याला भासवले. प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता. म्हणजे हिसका जुळण्या-न-जुळण्याचा प्रश्नच उरला नाही. तरीही त्याचा जोर कमी पडला. 'आपल्याबरोबर इतर आहेत' एवढी समजूत हात सैल करायला पुरेशी होती.

पुढे १९७९ मध्ये लताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवणे आणि ओरडणे यांवर असेच प्रयोग केले आणि तोच प्रकार दिसला. या वृत्तीला आपण 'सामूहिक अंगचोरी' म्हणू. मात्र आपल्या कामाची गोष्ट आहे ती त्यांच्या १९८१ च्या प्रयोगात. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जात आहे असे सांगितल्यावर, समूहात असूनही, ही अंगचोरी जवळजवळ नाहीशी झाली. अंगचोरी करणारी माणसे आळशी नव्हती. आपला वाटा गर्दीत मिसळून जातो, तो असला काय नि नसला काय, असे त्यांना वाटत होते.

आता आपली विज्ञान मंडळाची सभा डोळ्यांसमोर आणा. साठ मुले बसली आहेत, एक शिक्षक प्रयोग करत आहे. एकसष्टावे मूल आले काय, न आले काय, प्रयोगात काही फरक पडतो का? पडत नाही. मुलाला हे आपल्या आधी कळलेले असते.

यावर आपण शोधलेला उपाय म्हणजे प्रमाणपत्र. तोही जरा तपासून पाहू. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना चित्रे काढायला मुळातच आवडत होती अशी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिले, तर काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रे काढतो हे पाहिले, तेव्हा आधी लालूच दाखवलेली मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. तालुका विज्ञान प्रदर्शन संपले की त्यातली उपकरणे कपाटावर धूळ खात का पडतात, याचे उत्तर मला या प्रयोगात सापडले. प्रदर्शन वाईट असे मी म्हणत नाही. पण मंडळाचा सगळा जीव त्यात असेल तर तो तिथेच जातो.

मग मुलाचा वाटा वेगळा दिसेल, आणि तो नसला तर काहीतरी अडेल, असे काम कोणते? आमच्या भागात त्यासाठी लांब जावे लागले नाही. शहापूर तालुका हा मुंबईचा पाणवठा. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, त्यानंतर मोडकसागर आले, भातसा आले. मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसातून जाते. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात. पाऊस तर सुमारे अडीच हजार मिलिमीटर पडतो. मग पाणी जाते कुठे? हा प्रश्न आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकाने विचारलेला नव्हता, त्यांच्या आयांच्या डोक्यावरच्या हंड्यांनी विचारलेला होता. म्हणून आम्ही पाऊस आणि विहिरी मोजायचे ठरवले.

पर्जन्यमापक घरीही होतो. सरळ भिंतींची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, मानेकडचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. तळ खोलगट असतो, म्हणून तिथे थोडे सिमेंट ओतून तो सपाट करावा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. नरसाळ्याचे तोंड आणि बाटली यांचा व्यास सारखाच असला की पट्टीवरचा आकडा म्हणजेच पाऊस. बाटली झाड आणि भिंत यांपासून पुरेशी लांब ठेवावी, आणि वेधशाळेप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता वाचावी. आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवशी लहान बाटली भरून वाहते, तेव्हा त्या दिवसांत दोनदा वाचून बेरीज करावी.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे समजले की गणिताच्या तासाला रंग चढतो. शाळेचे छप्पर वीस मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ १२० चौरस मीटर. अडीच हजार मिलिमीटर पावसात त्यावर पडलेले पाणी तीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीस टँकर! सगळे काही धरता येणार नाही, काही उडते, काही सांडते. पण हा आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, ती माझ्या कोणत्याही चमत्काराने कधी पसरली नव्हती.

विहिरीचे मोजमाप याहून सोपे. दोरीला दगड बांधावा, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारावी. कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि दर वेळी तिथूनच पाण्यापर्यंतची दोरी मोजावी. वेळ पहाटेची, पाणी भरायला सुरुवात होण्यापूर्वीची. नाहीतर आपण विहीर न मोजता हंडे मोजतो. आठवड्यातून एकदा पुरे. एक पथ्य मात्र सोडू नये : कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना वाकू देऊ नये, तिथे घरातले मोठे माणूस बरोबर हवे.

आकडे जमू लागले की आलेख काढावा. खोली खालच्या दिशेने दाखवावी, म्हणजे आलेख विहिरीसारखाच दिसतो. आमच्याकडे एक गोष्ट लगेच उमटली. पावसाच्या पहिल्या जोरात विहिरी भराभर वर येतात आणि मग कितीही पाऊस पडो, तिथेच थांबतात. पाऊस थांबल्यावर पातळी उतरणीला लागते. कारण पायाखाली काळा बसाल्ट आहे. या खडकाला स्वतःला छिद्रे फारशी नाहीत. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत. ती जागा भरली की उरलेले ओढ्याने वाहून जाते. खडकाची गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली होती. ती समजली या वाकड्यातिकड्या आलेखावरून.

मंडळाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. प्रत्येक विहिरीपुढे दोन नावे लिहिली, एक मोठ्या वर्गातले आणि एक धाकट्या. 'ही विहीर तुमची.' ज्या आठवड्याची नोंद नाही तिथे वहीत कोरी चौकट राहते आणि आलेखात खिंडार पडते. कोणी रागावत नाही. खिंडार भिंतीवर सगळ्यांना दिसते, एवढेच. शनिवारची सभा आम्ही सोडूनच दिली. सोमवारी प्रार्थनेनंतर पाच मिनिटांत आकडे सांगायचे, की झाले. एस.टी.चा प्रश्न मिटला. आवणीच्या दिवसांतही नोंद चुकत नसे, कारण विहीर घराजवळच होती. थोरला दहावी होऊन गेला की धाकटा जोडीला नवा धाकटा घेतो. शिक्षकाची बदली झाली की मंडळ बंद पडते, या आपल्या जुन्या दुखण्यावरही हा थोडाफार इलाज आहे, कारण वही शाळेची असते.

दूरवरचा माणूस अशा एकाकी कामाला किती काळ चिकटून राहू शकतो, याचे एक उदाहरण सांगतो. अविभाजित बंगालमधल्या जेसोरला सरकारी खजिन्यात राधागोविंद चंद्र नावाचे कर्मचारी होते. प्रवेश परीक्षाही त्यांना पास होता आली नव्हती. रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांची तेजस्विता कमीजास्त होते असे तारे, पाहून त्यांच्या तेजाचा अंदाज लिहून काढायचा, हा त्यांचा छंद. अमेरिकेत १९११ साली अशा हौशी निरीक्षकांची एक संघटना स्थापन झाली होती. चंद्र तिचे सभासद झाले. एकही सभा त्यांनी पाहिली नसेल! पण संघटनेला त्यांच्या आकड्यांची खरी गरज होती : अमेरिकेत दिवस असतो तेव्हा जेसोरला रात्र असते, आणि तारा काही सुट्टी घेत नाही. संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. चंद्र यांनी सुमारे पस्तीस वर्षांत सदतीस हजारांहून अधिक निरीक्षणे पाठवली. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे गेली.

आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे मुंबईचे खगोल मंडळ. हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास, १९८५-८६ मध्ये, ते उभे राहिले. कर्जतच्या गाडीने वांगणीला जाऊन त्याचे आकाशदर्शन ज्यांनी केले असेल त्यांना आठवेल की तिथे आकाश दाखवणारे पगारी नोकर नसतात, हौशी कार्यकर्तेच असतात. धूमकेतू १९८६ मध्येच निघून गेला. मंडळ राहिले.

भट्टीवर गेलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे पुरे उत्तर विज्ञान मंडळाकडे नाही. आम्ही एवढेच केले की त्यांचे नाव वहीतून खोडले नाही. जोडीदार नोंद करी आणि पुढे 'अमुकच्या वतीने' असे लिही. त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आधीच, एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. अंगावर अजून भट्टीची धूळ होती. तिने पुस्तके मागितली नाहीत, खिचडीचे विचारले नाही.

"सर, माझी विहीर किती खाली गेली?"

मी वही काढली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आकडे होते. नंतरच्या चौकटींत तिच्या जोडीदाराने एकच शब्द लिहिला होता : कोरडी. तिने तो दोनदा वाचला आणि मग विचारले की दोरी कुठे ठेवली आहे, कारण त्या रात्री पाऊस येईलसे दिसत होते.